एका धास्तीचा इतिहास

वयाच्या एकतिसाव्या वर्षी मी केस गळण्यावरची गोळी सुरू केली. फिनास्टराइड, रोज एक मिलिग्रॅम. डोक्याचा पुढचा भाग तोवर बराच मोकळा झाला होता आणि स्थळं सांगून येण्याचे ते दिवस होते. मुलीकडच्यांना कोणता फोटो पाठवायचा यावर घरात बोलणं व्हायचं आणि दर वेळी आई चार वर्षांपूर्वीचाच फोटो काढायची. मी बडोद्यात एका महाविद्यालयात इतिहास शिकवतो. मागच्या बाकांवरून येणारे शब्द ऐकू न आल्यासारखं करण्याची सवय शिक्षकाला लागतेच. मी त्वचारोगतज्ज्ञाकडे गेलो तो त्या शब्दांमुळे नव्हे, आईनं दर वेळी काढलेल्या त्या जुन्या फोटोमुळे.

डॉक्टर घाईत होते. गोळी वर्षभर तरी घ्यावी लागेल, सोडली तर राहिलेले केसही जातील, एवढं त्यांनी सांगितलं. दुष्परिणामांचं मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. सात-आठ महिन्यांनी एका रविवारी पाकिटातला घडी घातलेला कागद सहज उलगडून वाचला. मुंगीएवढ्या अक्षरांत एक ओळ होती : स्तनांची वाढ, स्तनांत दुखरेपणा. त्या दिवशी आंघोळीनंतर मी आरशासमोर नेहमीपेक्षा जास्त वेळ उभा राहिलो. डाव्या स्तनाग्राखाली काहीतरी आहे असं वाटलं. दाबून पाहिलं तर दुखलं. उजवीकडे दाबलं, तिकडेही दुखलं.

पुढचे दोन महिने मी रोज दाबून पाहत होतो आणि रोज दाबलेली जागा दुखायचीच. सैल शर्ट घ्यायला लागलो. पोहायला जाणं बंद केलं. कुणाला सांगितलं नाही. केसांसाठी गोळी घेतो हेच घरात कुणाला माहीत नव्हतं, मग त्या गोळीनं छाती बायकी होते आहे की काय, हे कोणत्या तोंडानं सांगणार? आपल्या हातात जे हत्यार असतं तेच माणूस उचलतो. मी गोळीचा इतिहास शोधायला बसलो.

पहिली गोष्ट लक्षात आली ती ही, की टक्कल आणि छाती या दोन गोष्टी एका गोळीनं एकत्र आणलेल्या नाहीत. त्यांचं नातं फार जुनं आहे. हिपोक्रेटिसच्या नावावर असलेल्या सूत्रसंग्रहात एक निरीक्षण आहे, की वृषण काढलेल्या पुरुषांना टक्कल पडत नाही. कारण तेव्हा कुणाला सांगता येणं शक्य नव्हतं, पण निरीक्षण अचूक होतं. आपल्याकडे सुश्रुतानं निदानस्थानात इंद्रलुप्त किंवा खालित्य सांगितलं ते रोमकूपांच्या पातळीवर : वातासह पित्त तिथे शिरून केस पाडतं आणि मग रक्तासह कफ ती छिद्रं बुजवून टाकतो, म्हणून नवा केस येत नाही. दोघांनीही टकलाकडे शरीरातल्या कारणाचा परिणाम म्हणून पाहिलं. ग्रीकांचं निरीक्षण मात्र आणखी एक गोष्ट सुचवत होतं : टक्कल हा पुरुषपणाचाच एक भाग आहे.

पुरुषाच्या वाढलेल्या स्तनांना वैद्यकात गायनेकोमास्टिया म्हणतात. हा ग्रीक शब्द दुसऱ्या शतकातल्या गॅलनपर्यंत मागे जातो. सातव्या शतकात एजिनाच्या पॉल या वैद्यानं आपल्या ग्रंथाच्या शस्त्रक्रियेच्या भागात पुरुषाचे वाढलेले स्तन कसे काढावेत हे सांगितलं आहे. चंद्रकोरीसारखा छेद घ्यावा, आतला भाग काढावा आणि टाके घालावेत. शस्त्रक्रिया का करावी, याचं त्यानं दिलेलं कारण वाचून मी पुस्तक काही वेळ मिटून ठेवलं. वेदना नव्हे, गाठीची भीतीही नव्हे. अशा छातीमुळे पुरुषाला बायकी म्हणून हिणवलं जातं, म्हणून ती कापावी. भूल देण्याचं शास्त्र यायला अजून हजाराहून जास्त वर्षं होती. तरीही लोक सुरीखाली जायला तयार होत असावेत, नाहीतर कृती इतकी तपशिलात लिहिण्याची गरज नव्हती.

पुढचा टप्पा फार नंतरचा. १८९५ मध्ये फिलाडेल्फियाचे शल्यविशारद जे. विल्यम व्हाइट यांनी प्रोस्टेट वाढून लघवी अडलेल्या वृद्धांवर वृषण काढण्याचा उपाय केल्याची माहिती प्रसिद्ध केली. अनेकांची ग्रंथी खरोखर आकसली होती. उपाय इतका जबर होता की तो टिकला नाही, पण प्रोस्टेट पुरुषी संप्रेरकावर पोसते हे त्यातून दिसलं. १९४१ मध्ये शिकागोत चार्ल्स हगिन्स यांनी प्रोस्टेटच्या कर्करोगात हेच तत्त्व वापरलं : वृषण काढा किंवा इस्ट्रोजेन द्या. त्यांना १९६६ मध्ये नोबेल मिळालं. इस्ट्रोजेन घेणाऱ्या त्या रुग्णांचे स्तन वाढायचे आणि दुखायचेही. जीव वाचवण्याच्या मोबदल्यात डॉक्टर आणि रुग्ण दोघंही ते सोसत. प्रोस्टेटच्या औषधानं छाती वाढते ही समजूत जुन्या पिढीच्या मनात बसली असेल, तर तिचं मूळ इथे आहे.

त्याच सुमारास, १९४२ मध्ये, जेम्स हॅमिल्टन या अमेरिकन शरीररचनाशास्त्रज्ञानं हिपोक्रेटिसच्या सूत्राची परीक्षा घेतली. वयात येण्याआधीच ज्यांचे वृषण निकामी झाले होते किंवा काढले गेले होते अशा पुरुषांना टक्कल पडलेलं नव्हतं. त्यांना टेस्टोस्टेरॉन दिल्यावर, ज्यांच्या घराण्यात टक्कल होतं त्यांचे केस जाऊ लागले. ज्यांच्या घराण्यात नव्हतं त्यांचे टिकले. म्हणजे टकलाला दोन गोष्टी लागतात, वारसा आणि पुरुषी संप्रेरक. माझ्या आजोबांच्या, बाबांच्या आणि माझ्या कपाळाचा हिशेब एका वाक्यात लागला.

आणखी एक तपशील मला महत्त्वाचा वाटला. दुसऱ्या महायुद्धात जपान्यांच्या छावण्यांमध्ये उपासमार सोसलेले अमेरिकन सैनिक सुटून पोटभर जेवू लागले, तेव्हा त्यांच्यातल्या अनेकांचे स्तन वाढल्याचं डॉक्टरांच्या लक्षात आलं. काही महिन्यांत ती वाढ बहुतेकांची आपोआप ओसरली. हे सैनिक बायकी झालेले नव्हते. उपासात मंदावलेलं संप्रेरकांचं चक्र पुन्हा सुरू होताना पुरुषी आणि स्त्री संप्रेरकांचा तोल काही काळ ढळला होता, एवढंच. वयात येणाऱ्या मुलांत, यकृताच्या आजारात आणि म्हातारपणी हेच घडतं. स्तनाची ऊती प्रत्येक पुरुषात जन्मापासून असते. तोल ढळला की ती जागी होते.

फिनास्टराइडची खरी जन्मकथा डॉमिनिकन रिपब्लिकच्या नैर्ऋत्येकडल्या लास सालिनास नावाच्या गावातली आहे. त्या गावात काही मुलं जन्मतः मुली वाटायची. त्यांना मुलींची नावं दिली जायची, मुलींसारखं वाढवलं जायचं. बाराव्या वर्षाच्या सुमाराला त्यांचा आवाज फुटायचा, स्नायू भरायचे, लिंग वाढायचं. गावाकडे त्यांच्यासाठी स्वतःचा शब्द होता : गेवेदोसे, म्हणजे बाराव्या वर्षी पुरुष होणारे. न्यूयॉर्कच्या कॉर्नेल वैद्यकीय महाविद्यालयातल्या ज्युलियन इम्पेरातो-मॅकगिन्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या गावात जाऊन या कुटुंबांचा अभ्यास केला आणि डिसेंबर १९७४ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात निबंध प्रसिद्ध केला.

या मुलांमध्ये एका विकराची, म्हणजे एन्झाइमची, उणीव होती. पाच-अल्फा-रिडक्टेज हे त्याचं नाव. टेस्टोस्टेरॉनचं रूपांतर डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन नावाच्या जास्त प्रभावी संप्रेरकात करणं हे त्याचं काम. त्या संप्रेरकाला थोडक्यात डीएचटी म्हणतात. गर्भात मुलाचे बाह्य जननावयव घडवतं ते डीएचटी. प्रोस्टेट वाढवतं तेही तेच आणि कपाळावरचे केस मागे सारतं तेही तेच. ही मुलं मोठी झाल्यावर त्यांची प्रोस्टेट लहानच राहायची, दाढी विरळ असायची आणि केसांची रेषा मागे हटत नसे.

त्या निबंधाच्या सारांशातलं एक छोटं विधान मी तीन-चारदा वाचलं. वयात येताना या मुलांचे स्तन वाढत नाहीत, असं त्यात नोंदवलेलं आहे. माझ्या आरशासमोरच्या प्रश्नाचं उत्तर गोळी जन्माला येण्याच्या अठरा वर्षं आधीच्या कागदावर होतं. जन्मभर डीएचटी नसलेल्या माणसांची छाती सपाट होती. तो दिवस मी सुटकेत काढला. संध्याकाळी पुन्हा शंका आली : मग पाकिटातल्या कागदावर ती ओळ का आहे?

मर्क कंपनीत तेव्हा संशोधनाचं काम पाहणाऱ्या रॉय व्हेगेलॉस यांच्या वाचनात लास सालिनासची हकिगत १९७५ मध्ये आली. हे विकर औषधानं अडवता आलं, तर वृद्धांची प्रोस्टेट वृषणांना हात न लावता आकसवता येईल, हा तर्क होता. त्यातून फिनास्टराइड तयार झालं. जून १९९२ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकानं पाच मिलिग्रॅमच्या गोळीला प्रोस्टेटसाठी मान्यता दिली. नाव होतं प्रोस्कार. डिसेंबर १९९७ मध्ये त्याच औषधाच्या एक मिलिग्रॅमच्या गोळीला केसांसाठी मान्यता मिळाली, नाव प्रोपेशिया. आपल्याकडे १९७० च्या पेटंट कायद्यानुसार औषधाच्या पदार्थावर पेटंट मिळत नसे, फक्त तो बनवण्याच्या पद्धतीवर मिळे, आणि ही व्यवस्था २००५ पर्यंत टिकली. त्यामुळे भारतीय कंपन्यांना आपापल्या पद्धतीनं हे औषध बनवता आलं आणि ते स्वस्तात दुकानांत आलं. लास सालिनासचं नाव यांतल्या कुठल्याच पाकिटावर नाही. गर्भवतीनं या गोळीच्या चुऱ्याला हात लावू नये ही सूचना मात्र असते, आणि तिचा उगम त्या गावातच आहे : पोटात मुलगा असेल तर त्याच्या घडणीत हे औषध तीच उणीव निर्माण करू शकतं.

आता त्या ओळीकडे. गोळी घेतल्यावर रक्तातलं डीएचटी सुमारे दोन-तृतीयांशानं खाली येतं. रूपांतर न झालेलं टेस्टोस्टेरॉन मागे उरतं आणि त्यातलं काही दुसऱ्या एका विकराच्या वाटेनं इस्ट्रोजेनमध्ये बदलतं. केसांच्या गोळीच्या चाचण्यांत टेस्टोस्टेरॉन आणि इस्ट्रॅडिऑल ही दोन्ही सुमारे १५ टक्क्यांनी वाढली, तरी नेहमीच्या मर्यादेतच राहिली. बहुतेक शरीरांना त्यानं काही होत नाही. काहींची ऊती एवढ्या बदलानंही जागी होते. लास सालिनासची माणसं त्या तोलातच वाढली होती. गोळी घेणाऱ्याचा तोल मात्र चाळिशीत किंवा साठीत अचानक हलतो. फरक का पडतो, याची मी माझ्यापुरती लावलेली संगती अशी.

गोळी बाजारात आल्यावर पहिल्या अडीच-पावणेतीन वर्षांतच अमेरिकेच्या नियामकाकडे स्तनवृद्धीच्या दोनशेहून जास्त तक्रारी नोंदल्या गेल्या. १९९६ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये त्या पत्ररूपानं प्रसिद्ध झाल्या. कुणाला दोन आठवड्यांत त्रास सुरू झाला होता, कुणाला अडीच वर्षांनी. पण नुसत्या तक्रारींवरून प्रमाण कळत नाही. ते कळलं २००३ साली. पंचावन्न वर्षांवरच्या १८,८८२ पुरुषांची ती चाचणी प्रोस्टेटचा कर्करोग टाळता येतो का हे पाहण्यासाठी होती. निम्म्यांना पाच मिलिग्रॅम फिनास्टराइड दिलं, निम्म्यांना तशीच दिसणारी, औषध नसलेली गोळी. सात वर्षांत औषध घेणाऱ्यांपैकी ४.५ टक्के पुरुषांमध्ये स्तनवृद्धी नोंदली गेली. औषध न घेणाऱ्यांमध्ये २.८ टक्के.

हे दोन आकडे मी वहीत एकाखाली एक लिहिले. हजार माणसांत पंचेचाळीस आणि अठ्ठावीस. म्हणजे गोळीमुळे वाढलेले सतरा, आणि गोळी नसतानाही अठ्ठावीस. पहिला आकडा सांगतो की धास्तीत तथ्य आहे. दुसरा सांगतो की छाती वाढली म्हणजे ती गोळीनंच वाढली असं होत नाही. शिवाय हे पाच मिलिग्रॅमचे आणि उतारवयाचे आकडे आहेत. एक मिलिग्रॅमच्या, तरुणांवरच्या चाचण्यांत दोन्ही गटांत फरक दिसला नव्हता. बाजारात आल्यानंतर मात्र त्या मात्रेवरही तक्रारी आल्या, म्हणून कागदावर ती ओळ आहे.

२००७ मधला एक इटालियन अभ्यासही हाती आला. प्रोस्टेटसाठी फिनास्टराइड घेणाऱ्या पुरुषांचे दोन गट केले. एका गटाला लैंगिक दुष्परिणामांची कल्पना दिली, दुसऱ्याला दिली नाही. कल्पना दिलेल्यांपैकी ४३.६ टक्क्यांनी तसा त्रास सांगितला, न दिलेल्यांपैकी १५.३ टक्क्यांनी. औषध एकच. म्हणून सगळा त्रास मनाचा असतो असं कुणी म्हणू नये. ज्यांना काही सांगितलं नव्हतं त्यांनाही पंधरा टक्के त्रास झालाच. पण आठ महिने काही न जाणवलेल्या मला कागद वाचल्याच्या दिवशीच दोन्ही बाजूंना दुखलं होतं, हेही मला नाकारता येईना.

इथपर्यंत आल्यावर मला एक वेगळीच गोष्ट आठवली. पाच मिलिग्रॅम, प्रोस्टेट, उतारवय. बाबा तेव्हा अडुसष्ट वर्षांचे होते आणि दोन वर्षांपासून लघवीच्या त्रासावर गोळ्या घेत होते. मी त्यांच्या कपाटातला औषधांचा डबा उघडला. तिसऱ्या पट्टीवर नाव होतं : फिनास्टराइड, पाच मिलिग्रॅम. एकाच घरात आम्ही दोघं एकच औषध घेत होतो. मी लपवून आणि ते उघडपणे.

मग त्या वर्षीचा गणपती आठवला. आमच्या घरी प्राणप्रतिष्ठा बाबाच करतात, सोवळं नेसून, उघड्या अंगानं. लहानपणापासून मी त्यांना असंच पाहत आलो. त्या वर्षी त्यांनी उपरणं छातीवरून घट्ट गुंडाळून घेतलं होतं. आई म्हणाली, “उकडतंय किती, काढा ते.” ते म्हणाले, “गार वाटतंय.” बडोद्याच्या भाद्रपदात गार वाटणं शक्य नव्हतं. तेव्हा आम्ही कुणी लक्ष दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गॅलरीत ते पेपर वाचत होते.

“बाबा, त्या लघवीच्या गोळीनं तुम्हाला छातीत काही त्रास होतो का?”

त्यांनी पेपर खाली केला नाही. “तुला कुणी सांगितलं?”

“कुणी नाही. मीही तीच गोळी घेतो. मलाही तसं वाटतंय, म्हणून विचारतो.”

आता पेपर खाली आला. “तुला काय झालंय लघवीला?”

“लघवीला नाही. केसांसाठी.”

“केसांसाठी!” ते माझ्या डोक्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, “अकरा महिने झाले. उजवीकडे. गाठ आहे.”

अकरा महिने त्यांनी ती गाठ कर्करोगाची धरून चालवली होती. आईला सांगितलं नव्हतं. दर तीन महिन्यांनी युरॉलॉजिस्टकडे जात होते, त्यांनाही नाही. का नाही, असं मी विचारल्यावर आधी काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “ते ज्या तपासणीला पाठवतात तिथे सगळ्या बायका बसलेल्या असतात रे. तिथे मी जाऊन बसू?” हा माणूस बँकेत शाखाधिकारी होता. संपाच्या दिवशी दारात उभं राहून जमावाशी बोलताना मी त्यांना पाहिलेलं आहे. मरणाची शक्यता त्यांनी पत्करली होती, ती रांग पत्करली नव्हती. एजिनाच्या पॉलकडे सुरीखाली जाणारी माणसं मला तेव्हा समजली. फरक इतकाच, की त्यांनी लाजेपोटी शरीर वैद्याला दाखवलं आणि बाबांनी लाजेपोटी लपवलं.

दोघं मिळून गेलो. डॉक्टरांनी आधी बाबांना तपासलं. स्तनाग्राच्या बरोबर खाली, चकतीसारखी, रबरासारखी घट्ट आणि हलणारी गाठ स्तनवृद्धीची असते. कर्करोगाची बहुधा बाजूला, टणक आणि चिकटलेली असते, पण हा निवाडा रुग्णानं स्वतःच्या बोटांनी करू नये, असं ते म्हणाले. सोनोग्राफी आणि मॅमोग्राफी झाली. रांगेत मी त्यांच्या शेजारी बसलो होतो. समोरच्या बाईंनी एकदा बघितलं आणि आपल्या मोबाइलकडे वळल्या. कर्करोग नव्हता. स्तनवृद्धी होती. गोळी बंद करून दुसऱ्या प्रकारचं औषध सुरू केलं. डॉक्टरांनी एक गोष्ट स्पष्ट सांगितली : सुरुवातीच्या महिन्यांत आला असतात तर गोळी थांबवल्यावर ही बरीचशी उतरली असती. वर्ष उलटलं की आतली ऊती तंतुमय होते, मग ती औषधानं फारशी जात नाही, काढायचीच तर शस्त्रक्रिया लागते.

माझी पाळी आली तेव्हा त्यांनी दोन्ही बाजूंना अंगठा आणि बोट यांत ऊती पकडून पाहिली. “ही ग्रंथी नाही, चरबी आहे. पोट कमी करा. आणि रोज दाबणं बंद करा.” दोन आठवड्यांत दुखणं थांबलं. सतरा आणि अठ्ठावीसचा माझ्या वहीतला हिशेब आमच्या घरात असा सुटला : धास्ती माझी होती, गाठ बाबांची होती.

इतिहास शिकवणाऱ्याला एक खोड असते. कागदावर नाही ते घडलं नाही असं तो मानायला लागतो. पण चाचणीतल्या ४.५ टक्क्यांत ज्यांनी सांगितलं तेच मोजले गेले, नियामकाच्या तक्रारींत ज्यांनी कळवलं तेच आले. बाबा अकरा महिने कोणत्याच आकड्यात नव्हते. लाज नोंदी पुसून टाकते, आणि तीच लाज दुसऱ्या बाजूनं माझ्यासारख्याच्या मनात नसलेली गाठ तयार करते. दोन्हीवर उपाय एकच निघाला, आणि तो तपासणीच्या टेबलावर पाच मिनिटांत झाला.

औषधाचा इतिहास थांबलेला नाही. २००९ मध्ये ब्रिटनच्या नियामकानं फिनास्टराइड घेणाऱ्या पुरुषांनी छातीतली गाठ, दुखणं किंवा स्तनाग्रातून येणारा स्राव लगेच डॉक्टरांना सांगावा अशी सूचना काढली, कारण काही पुरुषांत स्तनाचा कर्करोग नोंदला गेला होता. नंतरच्या मोठ्या अभ्यासांत औषधाशी त्याचा ठाम संबंध सिद्ध झालेला नाही, पण सूचना योग्यच आहे. २०१२ मध्ये अमेरिकेत गोळी सोडल्यानंतरही टिकणाऱ्या लैंगिक तक्रारींचा उल्लेख माहितीपत्रकात आला. २०२४ मध्ये ब्रिटननं पाकिटात रुग्णासाठी सावधगिरीचं कार्ड घालायला सांगितलं आणि २०२५ मध्ये युरोपच्या नियामकानं आत्महत्येचे विचार हा दुष्परिणाम म्हणून मान्य केला. आपल्याकडे २०१० पासून औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणारा राष्ट्रीय कार्यक्रम आहे, गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनकडून तो चालवला जातो आणि रुग्णालाही स्वतः तक्रार नोंदवता येते. बाबांची नोंद मी केली. फॉर्ममध्ये त्रास किती दिवसांनी कळवला यासारखा मजकूर भरताना ते शेजारी बसून म्हणाले, “अकरा महिने लिही. खरं आहे ते लिही.”

आणखी एक व्यवहाराची गोष्ट. हे औषध रक्तातलं पीएसए सुमारे निम्म्यावर आणतं. प्रोस्टेटच्या कर्करोगाची शंका घेण्यासाठी डॉक्टर हाच आकडा बघतात. म्हणून केसांसाठी गोळी घेणाऱ्या पन्नाशीच्या माणसानं ती लपवली, तर रिपोर्ट चांगला दिसतो आणि फसवतो. लपवण्याची किंमत अशी दुसरीकडेही द्यावी लागते.

मी गोळी आणखी वर्षभर घेतली आणि मग सोडली. छातीमुळे नव्हे. रोज लक्षात ठेवण्याचा कंटाळा आला, आणि घरात सगळ्यांना माहीत झाल्यावर तिच्यातलं महत्त्वही कमी झालं. केस हळूहळू गेले. आई आता आहे तो फोटो पाठवते.

पुढच्या गणपतीला बाबांची सूज अर्धी उतरली होती, अर्धी तशीच होती. अजूनही आहे. शस्त्रक्रिया त्यांना नको होती. सकाळी ते सोवळं नेसून पाटावर बसले, उपरणं खांद्यावरून काढून घडी घालून बाजूला ठेवलं आणि पळीनं पाणी घेतलं. शेजारचे दोघं-तिघं दर्शनाला आलेले होते. कुणाच्या लक्षात आलं असेल, कुणाच्या नसेल. मी तबकात फुलं ठेवत होतो. आई म्हणाली, “पंखा लावू का?” ते म्हणाले, “लाव. फार उकडतंय.”